डेटा कुठे आहे आणि परत कोण आणणार? तंत्रज्ञान आणि गेमिंगच्या बातम्या, एका डीबीएच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या) नजरेतून

कृष्णाकाठ_डीबीए

दक्षिण कोरियातल्या आगीची बातमी आपल्याकडे दोन दिवस फिरली आणि विरून गेली. माझ्या डोक्यातून मात्र ती जात नाही, म्हणून हा धागा.

२६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवायचं काम चालू होतं. तिथे आग लागली आणि शेकडो सरकारी सेवा एका रात्रीत बंद पडल्या. बऱ्याचशा नंतर टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. पण सरकारी कर्मचारी ज्यात कामाच्या फाइली ठेवायचे ती ‘जी-ड्राइव्ह’ कायमची गेली. ८५८ टेराबाइट, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. साठा इतका मोठा होता की बाहेर बॅकअप ठेवणं जमलं नाही, असं स्पष्टीकरण आलं.

मला हे स्पष्टीकरण अजिबात पटत नाही. आज बाजारात २० टेराबाइटची हार्ड डिस्क मिळते. अशा ४३ डिस्कमध्ये ८५८ टेराबाइट मावतात. फार तर एक कपाट भरेल. अख्ख्या देशाचं डेटा सेंटर चालवणाऱ्या खात्याला दुसऱ्या गावात एक कपाट उभं करता येत नाही, हे कसं मानायचं? ‘हे जळालं तर काय?’ असं विचारून लेखी उत्तर घेतल्याशिवाय न उठणारा माणूस त्या बैठकांमध्ये नसावा, एवढंच मला त्यातून दिसतं.

मी डीबीए आहे, सांगलीत विश्रामबागला घरून काम करतो. सॉफ्टवेअरची बातमी असो, एआयची असो नाहीतर गेमची, तिच्या तळाशी कुठेतरी डेटाबेस असतोच, आणि बातमीतलं खरं काय ते तिथे गेल्यावर कळतं. डेटा नक्की कुठे पडलाय, तो पुसायची मुभा कुणाकुणाला आहे, आणि पुसला गेला तर कुणी तो परत आणून दाखवलाय का, हे मी शोधतो. बहुतेक बातम्यांत यातलं काहीच सापडत नाही. किती तास सेवा बंद होती आणि शेअर किती पडला, इथेच बातमी संपते.

आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असलेलं एक प्रकरण सांगतो. ३१ जानेवारी २०१७, कंपनी गिटलॅब, प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी. मुख्य डेटाबेसची चालती नक्कल (रेप्लिका) ठेवणारा दुय्यम सर्व्हर मागे पडला होता. त्यावरची डेटाची डिरेक्टरी रिकामी करून रेप्लिकेशन, म्हणजे ती नक्कल करणं, नव्याने सुरू करायचं होतं. रात्र झालेली, इंजिनिअर थकलेला, समोर दोन सर्व्हरच्या दोन खिडक्या उघड्या. पुसायची आज्ञा गेली ती मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

इथवर कुणाच्याही बाबतीत घडू शकतं. शिकण्यासारखं आहे ते यापुढचं. रोजचा डंप (डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत) घेणारा प्रोग्रॅम होता पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस होता ९.६, त्यामुळे डंप मध्येच बंद पडायचा. तो पडल्याची मेल निघायची, पण मेलवर लागणारी डिजिटल खूण नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ती परतवून लावायचा. बॅकअप ठेवायची क्लाउडवरची जागा उघडून पाहिली तर रिकामी. डिस्कचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी कामाला आला तो एक स्नॅपशॉट, जो त्याच संध्याकाळी, साधारण सहा तास आधी, चाचणीच्या सर्व्हरसाठी हाताने घेतला होता. तो नसता तर नुकसान कितीतरी मोठं झालं असतं. सहा तासांचं काम गेलं, त्यात सुमारे ५,००० प्रोजेक्ट आणि तेवढ्याच कॉमेंट.

कागदावर गिटलॅबकडे बॅकअपच्या चार-पाच पद्धती होत्या. रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत उतरवून, कुणी पाहिलं नव्हतं. तरीही मला या कंपनीबद्दल आदर आहे. त्यांनी त्या रात्रीची सगळी नोंद जगासमोर उघडी ठेवली, रिस्टोअरचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि त्या इंजिनिअरचं नाव जाहीर करून त्याला बळी दिलं नाही. आपल्याकडे अशी घटना घडली की पहिल्यांदा माणूस शोधतात. एकाला घरी पाठवून सगळे निवांत होतात आणि तुटका डंप तसाच चालू राहतो.

आता अलीकडची. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या, स्वतः कोड लिहिणाऱ्या एआय एजंटने एका अमेरिकी उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. कोडला हात लावायचा नाही, असं त्याला बजावून सांगितलेलं असताना. हजाराहून जास्त कंपन्यांच्या नोंदी होत्या त्यात. वर एजंटने सांगितलं की आता रोलबॅक होणार नाही, म्हणजे आधीच्या स्थितीला परतता येणार नाही. माणसाने स्वतः करून पाहिल्यावर रोलबॅक झाला! ‘एआयने विश्वासघात केला’ अशा मथळ्यांनी ही बातमी रंगवली गेली. मी ती वाचून वेगळ्याच जागी अडकलो. चाचणीचा आणि चालू डेटाबेस वेगळे का नव्हते? पुसायची परवानगी एजंटच्या हातात आली कशी? नंतर कंपनीने दोन्ही आपोआप वेगळे ठेवायची सोय केली, म्हणजे दुखणं तिथेच होतं. नव्याने रुजू झालेल्या पोराला आम्ही पहिल्या दिवशी प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू डेटाबेसवर, ‘ड्रॉप’चा (पुसून टाकायचा) अधिकार देत नाही. एजंटला का द्यायचा?

एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) का मंद आहे हे शोधायला मी रोज वापरतो. फक्त वाचायचा अधिकार असलेलं खातं देतो आणि रेप्लिकावर सोडतो.

संगम_माहुली

दादा, धागा एक नंबर. मी साताऱ्यात इंजिनिअरिंगला आहे आणि गेमिंगचं भयंकर वेड आहे. एक सांगा, नवीन गेम आला की पहिल्याच दिवशी सर्व्हर का झोपतात? एवढ्या मोठ्या कंपन्या, सर्व्हर भाड्याने मिळतात, मग अजून चार घ्यायचे की.

कृष्णाकाठ_डीबीए

भावा, चार काय चारशे घेतले तरी एक जागा अशी असते जी वाढत नाही. तुझी लढाई चालते तो सर्व्हर वाढवता येतो. पण तुझं खातं, तुझ्याकडच्या वस्तू, तू भरलेले पैसे यांची नोंद एकाच ठिकाणी खरी असावी लागते. दोन ठिकाणी लिहिली तर एकच तलवार दोनदा विकली जाईल. म्हणून त्या नोंदीवर कुलूप लागतं, एकाचं लिहून झालं की दुसऱ्याचा नंबर. पहिल्या दिवशी लाखो लोक एकाच तासात लॉगिन करतात, म्हणजे नेमके त्याच टेबलावर येऊन आदळतात.

१५ मे २०१२ ला डायब्लो ३ आला तेव्हा ‘एरर ३७’ जगभर गाजला. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी लॉगिन सक्तीचं, त्यामुळे पैसे मोजून गेम घेतलेले लोक दारातच अडकले. एकट्याच्या खेळाला सर्व्हर लागूच नये, असं माझं ठाम मत आहे. कुलपाच्या रांगेत ज्याला उभं करायची गरज नाही त्याला उभं करायचं आणि मग रांग मोठी झाली म्हणायचं, हे चूक आहे.

माझी सगळ्यात आवडती गेमिंगची बातमी मात्र २०२१ ची. जीटीए ऑनलाइन उघडायला कित्येकांना पाच-सहा मिनिटं लागायची, वर्षानुवर्षं. लोकांनी मशीन बदलल्या, इंटरनेट बदललं. शेवटी बाहेरच्या एका प्रोग्रॅमरने वैतागून आत काय चाललंय ते उघडून पाहिलं. गेम सुरू होताना दुकानातल्या वस्तूंची १० एमबीची यादी वाचली जायची, सुमारे ६३,००० वस्तू. प्रत्येक तुकडा वाचताना उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जायची. आणि प्रत्येक वस्तू यादीत घालताना ‘ही आधी आलीय का’ हे पाहण्यासाठी आतापर्यंतची सगळी यादी पहिल्यापासून तपासली जायची. ६३,००० वस्तूंचा हिशोब मांड, जवळजवळ १९८ कोटी तुलना होतात. आणि यादीत एकही वस्तू दुहेरी नव्हती!

त्याने दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या आणि उघडायचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. रॉकस्टारने ते मान्य केलं, त्याला १०,००० डॉलर दिले आणि दुरुस्ती गेममध्ये घातली. डेटाबेसमधलं टेबल छोटं असताना इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसला तरी चालतं, भरत गेलं की गाडी रुतते, हे मी रोज पाहतो. २०१३ मध्ये गेम आला तेव्हा दुकानात एवढ्या वस्तू नसणार. कोड तोच राहिला आणि यादी वाढत गेली.

संगम_माहुली

बाप रे, १९८ कोटी! आणि मी रॅम वाढवून बसलो होतो. रोब्लॉक्स तीन दिवस बंद होतं ते पण डेटाबेसमुळेच का?

कृष्णाकाठ_डीबीए

हो, ऑक्टोबर २०२१, ७३ तास. तेव्हा रोज सुमारे पाच कोटी लोक तिथे खेळायचे. त्यांच्याकडे कॉन्सल नावाची व्यवस्था आहे, कुठली सेवा कुठल्या मशीनवर चाललीय याचा पत्ता ती ठेवते. तिच्यात एक नवी सोय चालू केली होती, ती प्रचंड ताणाखाली अडखळली. शिवाय कॉन्सलच्या पोटात बोल्टडीबी नावाचा छोटा डेटाबेस आहे, त्यात मोकळ्या झालेल्या पानांची यादी फुगत गेली आणि दर वेळी लिहिताना ती अख्खी यादी लिहायला लागायची. पण ७३ तास लागायचं एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: बिघाड दाखवणारी देखरेखीची व्यवस्थाही कॉन्सलवरच उभी होती. त्यामुळे ऐन वेळी ती आंधळी झाली. त्यांनी स्वतः हे सविस्तर लिहिलंय, तुझ्या अभ्यासात असलं-नसलं तरी वाच.

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेमबद्दलही जमेल तेव्हा वाच. जवळजवळ सगळे खेळाडू एकाच विश्वात आणि मागे मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर. मोठी लढाई पेटली की ते खेळातलं घड्याळच मंद करतात, दहा टक्क्यांपर्यंत. कुणालाही बाहेर न टाकता सगळ्यांना सारखंच हळू करायचं, ही कल्पना मला फार आवडते.

मिरज_जंक्शन

धागा माहितीपूर्ण आहे, पण थोडा असहमत. तुमची बरीचशी उदाहरणं स्वतः डेटाबेस सांभाळणाऱ्यांची आहेत. आज मॅनेज्ड डेटाबेस (क्लाउड कंपनीच सांभाळते तो) घेतला की बॅकअप आपोआप होतो, मागच्या कुठल्याही मिनिटाला परत जाता येतं, तीन झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटरांत) रेप्लिका असते. माझ्या टीममध्ये डीबीए नाही आणि काही अडलेलं नाही. सांगली-मिरजेतल्या छोट्या कंपन्यांना तर हाच रस्ता परवडणारा आहे.

कृष्णाकाठ_डीबीए

राव, मॅनेज्ड डेटाबेस मीही वापरतो आणि छोट्या कंपनीने तोच घ्यावा, इथे आपलं एकमत आहे. भांडण आहे ते ‘तीन झोनमध्ये रेप्लिका आहे’ या वाक्यावर. रेप्लिका मशीन मेलं तर वाचवते. चुकीची आज्ञा गेली तर ती तीच चूक डोळ्याचं पातं लवायच्या आत तिन्ही झोनमध्ये पोचवते. कुठल्या ओळी ते सांगणारं ‘व्हेअर’ न घालता पुसायचं ‘डिलीट’ चालवलं की तिन्हीकडे एकदमच साफ.

आणि बॅकअप त्याच खात्यात असेल तर खातं गेलं की बॅकअपही गेला. कोड स्पेसेस ही कंपनी जून २०१४ मध्ये अशीच संपली. हल्लेखोराने त्यांच्या एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनच्या क्लाउडच्या) खात्यात शिरून डेटा आणि बॅकअप दोन्ही पुसले. कंपनीला गाशा गुंडाळावा लागला.

याच्या उलट मे २०२४ मधलं युनिसुपरचं प्रकरण. ऑस्ट्रेलियातला निवृत्तिवेतनाचा मोठा फंड, सहा लाखांवर सभासद. गुगल क्लाउडच्या बाजूने सेटिंगमधल्या चुकीमुळे त्यांची खासगी क्लाउड व्यवस्थाच पुसली गेली, तीही दोन झोनमध्ये पसरलेली. सावरताना मोठी मदत झाली ती दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपची. ज्याने कधीतरी आधी बसून ‘दुसऱ्याकडेही ठेवूया, पैसे लागले तरी चालतील’ असा आग्रह धरला असेल, त्याच्याबद्दल एकही बातमी आली नाही. माझ्या मते खरी बातमी तीच होती.

तुमच्या टीममध्ये डीबीए नाही, ठीक आहे. मागच्या मिनिटाला परत जाता येतं म्हणता, ते तुमच्या टीममध्ये कुणी करून पाहिलंय का? किती वेळ लागला? नवीन डेटाबेस उभा राहिल्यावर अॅप्लिकेशनला त्याचा पत्ता कुणी द्यायचा?

मिरज_जंक्शन

करून पाहिलेलं नाही, हे मान्य. या आठवड्यात टीमसमोर मांडतो.

आणि २० ऑक्टोबर २०२५ ला नरक चतुर्दशीच्या दुपारी एडब्ल्यूएस पडलं तेव्हा मी फराळाच्या ताटावरून उठलो होतो, तेही खरं. त्यांचा डायनॅमोडीबी हा डेटाबेस ठणठणीत, पण डीएनएसमधला (इंटरनेटवर नावावरून पत्ता देणाऱ्या यादीतला) त्याचा पत्ताच कोरा झालेला. पत्ते लिहिणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या, एकीने जुना आराखडा लावला आणि दुसरीने तो जुना म्हणून पुसला. फोर्टनाइट, रोब्लॉक्स, स्नॅपचॅट, सगळे त्या एका पत्त्याअभावी आडवे.

कृष्णाकाठ_डीबीए

बरोबर, डेटाचा एक बाइटही गेला नव्हता. पोचायचा रस्ता गेला होता.

हरिपूर_रोड

आमचा हळदीचा व्यापार, संगणकातलं फार कळत नाही, पण वाचतोय. आमच्या हरिपुरात जमिनीखाली पेवं होती, तोंड अरुंद आणि आत मोठी पोकळी. वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड नाही की काही नाही. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरलं आणि बहुतेक पेवं कामातून गेली. आजोबा म्हणायचे, पेव चांगलं होतं, पण सगळी पेवं एकाच गावात होती. तुमचं ते कोरियाचं वाचून तेच आठवलं.

कृष्णाकाठ_डीबीए

दादा, आजोबांचं बोलणं माझ्या सगळ्या लिखाणापेक्षा नेमकं आहे. एक प्रत तरी दुसऱ्या गावी हवी.

संगम_माहुली

‘स्टॉप किलिंग गेम्स’वर तुमचं मत काय? द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मी विकत घेतला होता. ३१ मार्च २०२४ ला यूबीसॉफ्टने सर्व्हर बंद केला, आता उघडतच नाही.

कृष्णाकाठ_डीबीए

माझा पूर्ण पाठिंबा आहे. युरोपात त्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कंपनीने सर्व्हर कायम चालू ठेवावा असं त्यात कुणी म्हणत नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढीच मागणी आहे. तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही. नकाशा, गाड्या, शर्यती तुझ्या डिस्कवरच आहेत. तुझी प्रगती साठवायला एक छोटी स्थानिक फाइल पुरते. एसक्यूलाइट हा डेटाबेस तर फुकट आहे, कुणाच्याही मालकीचा नाही, आणि तुझ्या फोनमध्ये या क्षणीही चालू आहे. मात्र ही सोय गेम लिहितानाच विचारात घ्यावी लागते, मागाहून ठिगळ लावायला खर्च येतो, हा कंपन्यांचा मुद्दाही खरा आहे. म्हणून नियम नव्या गेमसाठी करावा.

आपल्याकडचं उदाहरण बघ. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला तेव्हा जुन्या खात्यातला डेटा खेळाडूची संमती घेऊन नव्या कंपनीकडे हलवायची सोय दिली होती. तेव्हा पोरांना पहिल्यांदा कळलं की आपले स्किन आणि लेव्हल कुठल्यातरी सर्व्हरवरच्या ओळी आहेत आणि त्या इकडून तिकडे नेता येतात. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले. पैसे लावायच्या खेळांनी कित्येक घरं धुऊन निघालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे बंदीबद्दल मला काडीचंही वाईट वाटलं नाही. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यात वेगळी मान्यता आहे, हे घरी वडिलांना नीट समजावून सांग, म्हणजे तुझा फोन जाणार नाही.

मिरज_जंक्शन

अवांतर: रेडिस या डेटाबेससारखी लायसन्सची भानगड बघता नवीन प्रोजेक्टला काय घ्यावं? मायएसक्यूएल की पोस्टग्रेस?

कृष्णाकाठ_डीबीए

पोस्टग्रेस. त्याच्यावर कुठल्याही एका कंपनीची मालकी नाही, त्यामुळे ते विकत घेऊन नियम बदलता येत नाहीत. मायएसक्यूएल २००८ मध्ये सनकडे गेलं, २०१० मध्ये ओरॅकलकडे; ते ओरॅकलकडे जाणार या धास्तीने २००९ मध्येच मारियाडीबी वेगळं निघालं. रेडिसने मार्च २०२४ मध्ये लायसन्स आवळलं, काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनखाली त्याचंच मुक्त रूप व्हॅल्की उभं राहिलं. मे २०२५ मध्ये रेडिस पुन्हा मुक्त लायसन्सकडे वळलं, तोवर बरेच लोक निघून गेले होते. मायएसक्यूएल ८.० वर असाल तर त्याचा आधार एप्रिल २०२६ पर्यंतचाच, हे टीमच्या लक्षात आणून द्या.

कृष्णामाई_पतसंस्था

सर, नमस्कार. मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे, शहराचं नाव सांगत नाही, पण नदीकाठी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या शाखेत कमरेच्या वर पाणी होतं. सर्व्हर आम्ही आदल्या रात्री वरच्या मजल्यावर नेला. बॅकअपची हार्ड डिस्क मात्र तिजोरीत होती आणि तिजोरी तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर उघडली तर डिस्कच्या खाचेत गाळ. सर्व्हर वाचला म्हणून निभावलं.

आता रोज डे-एंड झाल्यावर सॉफ्टवेअरवाल्याने दिलेलं बटण दाबतो, ‘बॅकअप यशस्वी’ असं येतं आणि फाइल दोन डिस्कवर घेतो. एक डिस्क शिपाई घरी नेतो. हे पुरेसं आहे का? ३१ जुलै २०२४ ला छोट्या बँकांना संगणकसेवा देणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा) हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तोडल्यावर शेकडो छोट्या बँकांचं यूपीआय थांबलं, तेव्हापासून आमचे चेअरमनसाहेब सारखं विचारतात.

कृष्णाकाठ_डीबीए

ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. डिस्क शाखेबाहेर जाते, हे उत्तम. पण ती कुलूपबंद आणि पासवर्डने सांकेतिक केलेली हवी, सभासदांचे आधार आणि पॅन क्रमांक असतात त्यात. दोन्ही डिस्क एकाच वेळी सर्व्हरला जोडलेल्या ठेवू नका, रॅन्समवेअर जोडलेलं सगळं कुलूपबंद करतं. काम झालं की काढायची.

‘बॅकअप यशस्वी’ म्हणजे फाइल लिहून झाली, एवढंच. आतला डेटा पूर्ण आहे का, हे त्यावरून कळत नाही. म्हणून एकदा रिस्टोअर करून बघा. एक जुना पण चालू संगणक घ्या, इंटरनेट आणि शाखेचं नेटवर्क दोन्हीपासून तोडलेला. पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरमागे बहुतेक एसक्यूएल सर्व्हर असतो. सर्व्हरवर जी आवृत्ती आहे तीच किंवा त्याहून नवी टाका, नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्यावर उतरत नाही. फुकटची एक्स्प्रेस आवृत्ती चालेल, पण बऱ्याच आवृत्त्यांत तिला एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, फाइल मोठी असेल तर आधी बघून घ्या. उतरवून झाल्यावर ‘डीबीसीसी चेकडीबी’ ही तपासणी सॉफ्टवेअरवाल्याकडून समोर बसून चालवून घ्या.

त्यानंतरचं काम मला नाही, तुम्हालाच जमेल. त्या संगणकावर कालच्या तारखेची तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) काढा आणि शाखेत छापून ठेवलेल्या तेरजेशी ओळ न ओळ लावा. ठेवी, कर्ज, शेअर्स, रोख शिल्लक. मला टेबलं मोजता येतात, पण आकडा बरोबर आहे की नाही हे लेखापालाच्या नजरेलाच कळतं. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा, चेअरमनसाहेबांना तो आकडा उपयोगी पडेल.

कृष्णामाई_पतसंस्था

सर, रविवारी केलं. सॉफ्टवेअरवाला आधी टाळाटाळ करत होता, चेअरमनसाहेबांनी फोन केल्यावर आला. सकाळी दहाला बसलो ते दुपारी तीनपर्यंत. ठेवी, कर्ज, शेअर्स पैशापर्यंत जुळले. पिग्मीची शिल्लक मात्र कमी येते, कालच्या छापील तेरजेपेक्षा बरीच कमी. आणि कुठल्याच खात्यावर सहीचा नमुना उघडत नाही, चौकट रिकामी दिसते. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, ‘मूळ सर्व्हरवर दिसतंय ना, मग काळजी नको.’

कृष्णाकाठ_डीबीए

ताई, मूळ सर्व्हर पाण्यात गेल्यावर काय होईल तेच आपण बघत होतो, त्यामुळे त्याचं म्हणणं ऐकू नका. दोन्ही गोष्टी मूळ सर्व्हर चालू असताना सापडल्या, फार चांगलं झालं.

पिग्मी एजंटांची मशीन जे जमा करतात ते बऱ्याचदा वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरतं आणि डे-एंडला मुख्य डेटाबेसशी जोडून दाखवलं जातं. बटण बहुधा फक्त मुख्य डेटाबेसचा बॅकअप घेतंय. सर्व्हरवर डेटाबेसची यादी उघडायला सांगा, मास्टर, मॉडेल, एमएसडीबी आणि टेम्पडीबी ही एसक्यूएल सर्व्हरची स्वतःची नावं सोडून जितकी नावं दिसतील तितक्या सगळ्यांचा बॅकअप हवा.

सह्यांचे फोटो डेटाबेसमध्ये नसणार, नुसत्या फोल्डरमध्ये असतील आणि डेटाबेसमध्ये त्यांचा पत्ता असेल. तो पत्ता सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मिळेल. ते फोल्डर रोजच्या कॉपीत घाला. कर्जाची स्कॅन केलेली कागदपत्रंही तिथेच असण्याची शक्यता आहे, तीही बघा.

दोन्ही भर घातल्यावर नव्या बॅकअपवरून पुन्हा पहिल्यापासून उतरवा, आणि या वेळी पिग्मीची तेरीज एजंटवार काढा. सही मात्र एक-दोन खात्यांवर बघून थांबू नका, जुनी, नवी आणि बंद झालेली अशी सगळ्या प्रकारची खाती उघडा. फरक उरला तर कुठल्या एजंटचा आणि कुठल्या तारखेपासून, ते इथे लिहा, रात्री नऊनंतर मी असतो.